ओढणीकडे बघून हसला

सव्वा महिन्याचं न्हाणं झालं आणि मंजुषा मोकळ्या डोक्याने बाळावर वाकली, तेव्हा बाळाने तिच्याकडे पाहिलं ते भिंतीकडे पाहावं तसं. त्यात राग नव्हता की भीती नव्हती. नजर तिच्या कपाळावरून गेली, ओल्या केसांवरून निसटली आणि पलंगाला लागून असलेल्या कपड्यांच्या स्टँडवर जाऊन थांबली. तिथे तिची ओढणी वाळत होती. काळ्यापांढऱ्या रुंद पट्ट्यांची. पंख्याच्या वाऱ्याने तिचं एक टोक हलत होतं. छोट्या शिवतेजचे ओठ आधी रडायच्या वेळी होतात तसे वाकडे झाले, मग सुटले आणि तो हसला. झोपेत आपोआप हसतात ते हसू नव्हे ते. चांगला जागा होता, डोळ्यांसकट हसला, ओळखीचं माणूस दारात दिसल्यावर हसतात तसा. त्याचं पहिलं हसू. मंजुषाने आपलं डोकं त्याच्या नजरेच्या आड नेलं, तर त्याने मान वळवण्याची धडपड केली, तिला टाळून पलीकडचं बघण्यासाठी.

धुपाटण्यात ओवा आणि वावडिंग टाकत सासूबाई खाली बसल्या होत्या. तिथून त्यांना स्टँड दिसत नव्हतं, फक्त नातवाचं उघडलेलं तोंड दिसलं. "हासलं बघ लेकरू," त्या म्हणाल्या, "आयला बघून हासलं." मंजुषा हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? एका कापडाचा आपल्याला मत्सर वाटला हे कुणाला सांगायची सोय नसते. पण वाटला हे खरं. ती धुरीवर केस पसरून बसली. धुराने डोळ्यांत पाणी आलं हे बरंच झालं. सासूबाई केसांतून बोटं फिरवत गावाकडच्या गोष्टी सांगत होत्या आणि मंजुषा खोलीभर पसरलेल्या धुरातून बाळाकडे बघत होती. बाळ धुरातूनही ओढणीच बघत होतं.

ओढणी तिनेच मागवली होती, फोनवरून, सातव्या महिन्यात. उलव्याच्या या नव्या बिल्डिंगमध्ये तेव्हा अर्धे फ्लॅट रिकामे होते. तिचा नवरा धनाजी बंदराकडच्या कंटेनर यार्डात शिफ्टवर असायचा, आणि मंजुषा बाराव्या मजल्यावर दिवसभर पोटावर हात ठेवून, विमानांची पोटं खिडकीतून बघत बसायची. कुणीतरी आपल्याकडे बघावं असं तिला फार वाटायचं. एवढंच. लिफ्टमधल्या बायका पोटाकडे बघायच्या. डॉक्टरीण स्क्रीनकडे बघायची. धनाजी तिच्याकडे प्रेमाने बघायचा, पण तो घरी असे तेव्हा त्याचे डोळे मिटत असायचे. अशात फोनवर ती जाहिरात आली. नवजात बाळाच्या नजरेसाठी, आईने अंगावर घालायच्या वस्तू: एक ओढणी, मोठ्या मण्यांची एक माळ, दोन मनगटपट्ट्या, सगळं काळंपांढरं. डब्यावर लिहिलं होतं की बाळाला सुरुवातीला फक्त छातीपासून चेहऱ्याएवढ्या अंतरावरचं दिसतं, बाकी सगळं धूसर. रंग कळत नाहीत, काळ्याला लागून पांढरं असलं की तेवढं कळतं. म्हणून आईने हे गळ्यात घालावं, बाळाची नजर तिथे ठरते, तिथून ती चेहऱ्याकडे जाते. मंजुषाने तो डबा पोथी वाचावी तसा वाचला. या पोराला जगातलं जे पहिलं दिसेल ते आपणच असू, असं तिने ठरवून टाकलं. डब्यावरच्या चित्रातली बाई केस मोकळे सोडून हसत होती आणि तिच्या मांडीवरचं बाळ तोंड वासून तिच्याकडे बघत होतं. ते चित्र खोटं असणार हे कळण्याइतकी मंजुषा शहाणी होती. तरी तिने ते कापून फ्रीजला लावलं.

मग सासूबाई आल्या, सातारच्या बाजूच्या गावाहून, डिंकाचे लाडू, खारीक, आणि कान बांधायला एका जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेऊन. बाळंतिणीच्या कानात वारं शिरता कामा नये, जन्माची डोकेदुखी लागते, यावर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. आणि इथे गळ्यात ओढणी घालून कान उघडे ठेवणारी सून. त्या नुसत्या तिच्या कानांकडे बघत राहिल्या, आणि ते बोलण्यापेक्षा जड होतं. तेव्हा मंजुषाला युक्ती सुचली. ओढणी गळ्यात कशाला, कानावरच बांधते ना. कपाळावरून घट्ट पट्टी, कान झाकून मागे गाठ. सासूबाईंच्या मनासारखे कानही बांधले जातात आणि बाळाची नजरही तयार होते. दोन्ही बाजू सांभाळल्या म्हणून ती स्वतःवरच खूश झाली. धोतराचा तुकडा बाळाच्या दुपट्याखाली गेला. माळ मात्र सासूबाईंनी कपाटात ठेवायला लावली, गळ्यात मंगळसूत्र असताना आणखी काळे मणी कशाला म्हणून, आणि मनगटपट्ट्या तेलाच्या हातांना नको म्हणून तिनेच काढून ठेवल्या. उरली ती ओढणी. ती रात्रंदिवस डोक्यावर राहिली. धुतली की इस्त्री फिरवून लगेच परत बांधायची.

दूध पिताना शिवतेज वर बघायचा. टक लावून, पापणी न हलवता. धनाजी पलंगाच्या कडेला बसून म्हणायचा, काय बघतोय बघ तुझ्याकडं, मला तर आजवर कुणी असं बघितलं नाही. आणि मंजुषा त्या नजरेत न्हाऊन निघायची. टाके दुखायचे, छाती दगड व्हायची, झोपेचे तुकडे पडलेले असायचे, पण ते दोन डोळे वर उचलले जाण्याची वाट बघत ती सगळं काढायची. आता धुरीवर बसून तिला ती नजर नीट आठवली. ती तिच्या डोळ्यांत कधी पडलीच नव्हती. दोन बोटं वर, भुवयांच्या वर, जिथे काळी पट्टी संपून पांढरी सुरू होते, तिथे असायची. हे तिला तेव्हाही दिसलं असणार. दिसूनही तिने बघितलं नव्हतं. माणूस आपल्याला हवं ते धरून बसतं आणि वर पुन्हा दुसऱ्याच्या नजरेबद्दल बोलतं.

तिला भीती वाटली ती एका जुन्या गोष्टीने. मंजुषाला स्वतःच्या आईचा चेहरा आठवत नाही. आई गेली तेव्हा ती नुकती बोलायला लागली होती. आठवतो तो एक गाऊन. मरून रंगाचा, त्यावर मोठी पिवळी फुलं, पुढे बटणं, त्यातलं एक वेगळं, शर्टाचं. त्या गाऊनला नाक लावलं तर कसा वास यायचा तेही तिला आठवतं. फुलांच्या मधल्या रेघा बोटाने गिरवलेल्या आठवतात. आणि गाऊनच्या वर, गळ्याच्या वर, जिथे चेहरा असायला हवा, तिथे काही नाही. काळोखही नाही, नुसतं काही नाही. घरी भिंतीवर फोटो होता, हार घातलेला, पण तो स्टुडिओवाल्याने कुठल्यातरी ओळखपत्राच्या फोटोवरून मोठा करून रंगवला होता. साडी त्याच्या मनची, कुंकू त्याच्या मनचं, आणि हनुवटी देवीच्या तसबिरीसारखी गोल. वडील, हौसेराव, मार्केटात पाठीवर बटाट्याच्या गोणी वाहून संध्याकाळी कोपरखैरण्याच्या खोलीवर यायचे, फोटोपुढे उदबत्ती लावायचे आणि दर वेळी म्हणायचे की अशी नव्हती ती. मग कशी होती? त्यावर ते हात हलवायचे. शब्दांचा माणूस नव्हता तो. मंजुषा शाळेत मैत्रिणींच्या आयांची तोंडं निरखून बघायची आणि एकेक आणून त्या गाऊनवर बसवायची. एकही बसायचं नाही. पुढे तिने तो नाद सोडला, आणि लग्नानंतर सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे हे कळल्यावर तिला सुटल्यासारखं झालं. आई हा शब्द तिला कुणासाठी वापरावा लागला नाही.

आणि आता हे पोर. याच्या डोक्यात काय बसलं असेल? एक काळीपांढरी पट्टी. उद्या आपल्याला काही झालं, तर हा मोठा होऊन कुणाला सांगेल की आई म्हणजे पट्टे होते आणि त्यांच्या खाली काही नव्हतं. हा विचार वेडगळ आहे हे तिला कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता.

दुपारभर तिने प्रयत्न केले. ओढणी काढून कपाटात टाकली. केस मागे बांधून, टिकली मोठी लावून, बाळाला हातभर अंतरावर धरून त्याच्याशी बोलली. त्याचे डोळे तिच्या चेहऱ्याच्या कडेकडेने फिरले, केस आणि कपाळ जिथे मिळतात त्या रेघेवर हुडकत राहिले आणि मग तो रडायला लागला. आवाज ओळखायचा, वास ओळखायचा, दूधही प्यायचा, पण डोळे मिटून. दुकानात शिरल्यावर नेहमीचा माणूस गल्ल्यावर नसला की नुसतं सामान घेऊन चालतं होणाऱ्या गिऱ्हाईकासारखा त्याचा चेहरा व्हायचा. डॉक्टरणीला फोन लावला, तर ती म्हणाली की दृष्टी अगदी छान आहे, कापडाकडे बघून हसतो म्हणजे उत्तमच की, चेहरा ओळखेल हळूहळू, टेन्शन घेऊ नका. टेन्शन तिच्या मुलाच्या डोळ्यांचं नव्हतंच. ते डोळे ठणठणीत होते. त्यांत ती नव्हती, एवढंच.

सासूबाई पिशव्या भरत होत्या. त्यांना आज निघायचं होतं. मंजुषाची नणंद दिवस भरत आल्याने गावी माहेरी आली होती, आणि लेकीच्या बाळंतपणाला आई घरात नसेल तर कसं चालेल? मंजुषाने मान हलवली होती. तिच्या बाळंतपणाला माहेर नव्हतं, म्हणून सासू सव्वा महिना इथे राहिली, हेच खूप झालं असं सगळे म्हणत होते आणि तीही म्हणत होती. रडणं ऐकून त्या दोनदा आत आल्या. दुसऱ्यांदा त्यांनी बाळ खांद्यावर घेतलं, सुनेकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "आगं बांध की वढणी परत. त्येला सवय झालीया. आजून दोन म्हैनं बांधलीस तर काय बिघडतंय?" त्यांना कळलं होतं तर. सकाळी त्यांनाही स्टँड दिसलं असेल काय? मंजुषाने विचारलं नाही. बांधते नंतर, म्हणाली. म्हातारीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, उघड्या कानांपाशी क्षणभर थांबवला आणि पिशव्यांची तोंडं बांधायला गेली.

उन्हं उतरताना धनाजी त्यांना कळंबोलीला सातारच्या गाडीत बसवून तसाच ड्युटीवर जाणार होता. दार लागलं. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला, आणि मग फ्लॅटमध्ये ती शांतता पसरली जिची मंजुषाला सव्वा महिन्यात सवय सुटली होती. धुपाटणं अजून कोमट होतं. ओट्यावर सासूबाईंनी उद्यासाठी लसूण सोलून ठेवला होता. तिने घरातले सगळे दिवे लावले, बाहेर अजून उजेड असताना. मग पलंगावर मांडी घालून बसली आणि शिवतेजला समोर घेतलं. आज आपण हे निस्तरायचं, तिने ठरवलं. रडेल, थकेल, शेवटी बघेल. तो रडला. आधी कुरकुर, मग टिपेचा आवाज, मग मध्येच श्वास अडकून लालबुंद होऊन. पुन्हा पुन्हा त्याचे डोळे उघडायचे, तिच्या कपाळावर काहीतरी शोधायचे आणि न सापडल्यावर मिटायचे. ती म्हणत होती, मीच आहे, अरे मीच आहे. हळूहळू तिलाच त्या वाक्याचा विश्वास वाटेनासा झाला. न बांधलेलं डोकं तिला उघडं, परकं, दुसऱ्या कुणाचं वाटायला लागलं.

तिने मावशीला फोन लावला. घणसोलीची ही मावशी, आईची धाकटी बहीण, हिनेच मंजुषाला वाढवलं होतं. गुडघे गेल्यामुळे ती बाळंतपणाला येऊ शकली नव्हती. फोन स्पीकरवर टाकून मंजुषाने सगळं सांगितलं, ओढणीचं, हसण्याचं, आणि शेवटी गाऊनचंही, जे ती कधी कुणाजवळ बोलली नव्हती. म्हणाली की माझंही असंच झालं ना, मला तिचं कापड तेवढं आठवतं, तोंड आठवत नाही. पलीकडे मावशी बाळाचं रडणं ऐकत होती.

"त्यो गाऊन," मावशी म्हणाली. "आगं, त्यो ती दवाखान्यातबी घालायची. दवाखान्याच्या कपड्यावरनं. सिस्टर वरडायच्या."

का म्हणून मंजुषाने विचारलं.

"औषधानं तिचं क्यास गेलं, तोंड सुजलं. वळखू यीना. तू जवळ जाईनास तिच्या. तोंड बघितलं की किंचाळायचीस, माझ्या खांद्यात डोकं घालायचीस. मग एक दिवस तिनं माझ्याकडनं गाऊन मागवला. त्यो घातला, डोईवरनं टावेल घेतला, मान खाली घातली, आन त्येचाच पदर वढला तोंडावर. तवा गेलीस. फुलांवर बोट फिरवत बसलीस. शेवटपत्तूर ती तसंच करायची. तोंड झाकायची आन तुला मांडीवर घ्यायची. तुला सांगून काय करायचं हुतं? बारकी हुतीस."

मंजुषाने फोन कसा ठेवला ते तिला कळलं नाही. बिल्डिंगवरून एक विमान गेलं, खिडकीच्या काचा थरथरल्या, आणि बाळ दचकून क्षणभर गप्प झालं, पुन्हा सुरू झालं. गाऊनच्या वर चेहरा का नव्हता, ते तिला आता समजलं होतं. ती विसरली नव्हती. विसरायला तिथे काही ठेवलेलंच नव्हतं. एका बाईने आपलं तोंड स्वतःच्या हाताने काढून घेतलं होतं, पोर मांडीवर यावं म्हणून, आणि पदराच्या आतून, त्या सुजलेल्या डोळ्यांनी, ती किती बघत असेल. मंजुषाला फुलं दिसत होती आणि आईला मंजुषा दिसत होती. इतकी वर्षं तिने हा हिशेब एकाच बाजूने मांडला होता. ती मोठ्याने रडली, बाळाच्या बरोबरीने, कुणी ऐकणारं नव्हतं म्हणून आवाज न दाबता. दोघांचं रडणं त्या दिवे लावलेल्या घरात मिसळून गेलं आणि कुठलं कुणाचं ते तिला कळेना.

मग ती उठली. कपाटातून ओढणी काढली, कपाळावरून घेतली, कान झाकले, मागे गाठ मारली. आरशात बघायची गरज नव्हती, हातांना सवय होती. पलंगावर येऊन तिने शिवतेजला उचललं. त्याचं रडणं मध्येच तुटलं. ओले डोळे वर चढले, तिच्या डोळ्यांना ओलांडून, दोन बोटं वर, आणि ठरले. एक हुंदका उरला होता तेवढा त्याने दिला. मग तो हसला.

तिला लागलं. लागलंच. पण तो तिच्याकडे बघत नव्हता म्हणून तिला आता काही मिळवायचं नव्हतं, वाट बघायची नव्हती, आणि सव्वा महिन्यात पहिल्यांदा तिने त्याच्या डोळ्यांवरून नजर काढून बाकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. या चेहऱ्याची वाटणी केव्हाच झाली होती. नाक धनाजीचं, कपाळ सासूबाईंचं, कान हौसेराव येऊन आपले म्हणून सांगून गेलेले, भुवया तिच्या स्वतःच्या. हनुवटीबद्दल मात्र कुणी काही बोललं नव्हतं. बारीकशी, पुढे आलेली, आणि हसला की तिच्यावर मधोमध नाही, जरा डावीकडे, एक खळगा पडत होता. मंजुषाने स्वतःच्या हनुवटीवरून बोट फिरवलं. सपाट. धनाजीची चौकोनी, सासूबाईंची नाहीच म्हणावी अशी, हौसेरावांचीही तिच्यासारखीच सपाट. मग ही आली कुठून? याचं एकच उत्तर उरत होतं. मावशीला विचारता आलं असतं, फोन हाताशीच होता. तिने विचारलं नाही.

हसू ओसरू लागलं, तसा खळगा बुजायला लागला. मंजुषाने ओढणी कपाळावर आणखी पुढे ओढली, पार डोळ्यांवर सावली येईपर्यंत, पट्टे त्याला जवळून दिसावेत म्हणून. तो पुन्हा हसला. खळगा पुन्हा पडला, आणि ती ओढणीच्या आतून त्या हनुवटीकडे बघत राहिली.